फ्लोरिडाच्या उथळ समुद्रातला हिवाळा: थंडीत मासा जातो कुठे?

मायामीच्या हवामान कार्यालयाने २१ जानेवारी २०२० रोजी लोकांना एक चमत्कारिक सूचना दिली होती: आज रात्री झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर नवल वाटून घेऊ नका. थंड रक्ताचा हा सरडा पारा फार उतरला की आखडतो, फांदीवरची पकड सुटते आणि तो धपकन खाली येतो. सकाळी ऊन लागलं की बहुतेक जण उठून चालू लागतात.

बातमी गंमत म्हणून जगभर फिरली. त्याच रात्री किनाऱ्यालगतच्या गुडघाभर पाण्यात मात्र मासेही त्याच संकटात होते. फरक एवढाच, की त्यांना पळता येतं. ते कुठे पळतात, कधी परततात आणि परतल्यावर तोंड उघडतात का, या तीन प्रश्नांवर फ्लोरिडातली हिवाळी मासेमारी उभी आहे.

फ्लोरिडाच्या दोन्ही किनाऱ्यांना मैलोन्‌मैल उथळ पाण्याचे पट्टे आहेत. तिथे त्यांना 'फ्लॅट' म्हणतात. पाणी घोट्यापासून फार तर कमरेपर्यंत. तळाशी समुद्री गवत, मधे मधे वाळूचे उघडे चट्टे, कडेला कांदळवन किंवा कालवांचे (शिंपल्यांचे) थर. दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्सची दलदल आणि 'की' नावाच्या बेटांच्या मधे पसरलेला फ्लोरिडा बे, मायामीलगतचा बिस्केन बे, पश्चिमेला टँपा बे, शार्लट हार्बर आणि पाइन आयलंड साउंड, पूर्वेला मस्किटो लगून आणि इंडियन रिव्हर लगून ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. इथली मासेमारी बरीचशी शिकारीसारखी असते. आधी मासा डोळ्यांनी शोधायचा, मग त्याच्या वाटेवर आमिष टाकायचं. खोल पाण्यात गळ सोडून वाट बघत बसणं वेगळं, हे वेगळं.

उन्हाळ्यात हा खेळ तुलनेने सरळ असतो. हिवाळ्यात तोच फ्लॅट सोमवारी माशांनी भरलेला आणि बुधवारी ओस असू शकतो, आणि नवखा माणूस दोष देतो तो आमिषाला.

ऋतू नव्हे, आठवड्याचं चक्र

फ्लोरिडाचा हिवाळा सलग नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर अमेरिकेच्या आतल्या भागातून थंड, कोरड्या हवेच्या लाटा दक्षिणेकडे उतरतात. या लाटेची पुढची कड म्हणजे 'कोल्ड फ्रंट'. साधारण आठवड्याला एक, कधी दोन. दोन फ्रंटच्या मधे हवा इतकी ऊबदार असू शकते की लोक अर्ध्या चड्डीत फिरतात. म्हणून 'जानेवारीत मासे मिळतात का?' या प्रश्नाला खरं तर उत्तर नाही. विचारायचं ते हे, की फ्रंट येऊन किती दिवस झाले?

चक्राचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो आणि तो वाऱ्यावरून ओळखता येतो. फ्रंट यायच्या आधी एक-दोन दिवस वारा दक्षिणेकडून, मग नैर्ऋत्येकडून येतो. हवा दमट आणि उबदार, आकाशात ढग. फ्रंट ओलांडून जाताना पावसाची सर येते, आणि काही वेळातच वारा वायव्येला फिरतो, जोरात. आकाश निळंशार होतं, हवा कोरडी पडते, रात्री पारा घसरतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत वारा उत्तर, ईशान्य असा फिरत पूर्वेला येऊन स्थिरावतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण फेरी. मग पुढची लाट.

यात माशांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट वेळ म्हणजे वायव्येचा वारा सुटल्यानंतरचे एक-दोन दिवस. आकाश सुंदर असतं, सुट्टीवर आलेला पाहुणा उत्साहाने बोट ठरवतो, आणि पाण्यात जीव दिसत नाही. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे फ्रंटच्या आधीचा दिवस. ढगाळ, वाऱ्याचा, काहीसा कुंद. दुसरी चांगली वेळ फ्रंटनंतरचा तिसरा-चौथा दिवस, वारा पूर्वेकडे वळू लागला की.

फ्रंटच्या आधी मासे का खातात? 'हवेचा दाब उतरतो, ते माशांना जाणवतं' हे उत्तर किनाऱ्यावर प्रत्येक जण देतो. मला ते फारसं पटत नाही. फ्रंटच्या आगेमागे दाबात होणारा फरक साधारण १०-१५ हेक्टोपास्कलचा. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाण्याचा भार. म्हणजे मासा वीतभर वर आला काय, खाली गेला काय, तेवढाच फरक त्याला दिवसातून शेकडो वेळा सोसावा लागतो. त्यापेक्षा दक्षिणेच्या वाऱ्याने चढलेलं पाण्याचं तापमान, ढगांमुळे मिळणारा आडोसा आणि लाटांनी ढवळलेला तळ ही कारणं सरळ आहेत. अर्थात, दाब कारण नसला तरी खूण म्हणून उपयोगी आहे. पारा घसरायच्या आधी तो उतरतोच.

उथळ पाणी इतक्या लवकर का गारठतं

हंड्यातला चहा तासभर गरम राहतो, बशीत ओतलेला दोन घोटांत निवतो. फ्लॅट म्हणजे बशी. एक चौरस मीटर पाण्यावरून वारा ठरावीक उष्णता उचलून नेतो. खाली अर्धा मीटर पाणी असेल तर ते जितकं गार होईल, त्याच्या दहावा हिस्साच पाच मीटर खोल पाणी गार होईल. त्यात उत्तरेचा वारा कोरडा. कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होतं, आणि बाष्पीभवनाने उष्णता जेवढी जाते तेवढी नुसत्या थंड हवेच्या स्पर्शाने जात नाही. रात्री आकाश निरभ्र असलं की उरलीसुरली उष्णता वर निघून जाते. फ्लोरिडा बेची सरासरी खोली मीटरभराच्या आसपास आहे, म्हणजे अख्खा उपसागरच बशी.

माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नाही. पाणी गार झालं की त्याच्या शरीराचा कारभार मंदावतो. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं तर पचन आणि हालचालींचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचन मंद, म्हणून भूक कमी. भूक कमी, म्हणून लांब पळत जाऊन काही पकडायची इच्छा कमी. हिवाळ्यात आमिष हळू का ओढायचं याचं मूळ इथे आहे.

पण हेच गणित उलटही चालतं, आणि तिथेच गळ टाकणाऱ्याची संधी आहे. जे पाणी लवकर गारठतं ते उन्हाने लवकर तापतंही. काळपट चिखलाचा किंवा दाट गवताचा तळ ऊन शोषून घेतो; पांढरी वाळू बरंचसं परत फेकते. स्वच्छ उन्हाच्या दुपारी चिखलाच्या तळावरचं गुडघाभर पाणी शेजारच्या खोल कालव्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम झालेलं सापडतं. दोन अंश म्हणजे आपल्याला काहीच नाही. आखडलेल्या माशाला ते आमंत्रण असतं. सकाळी कालव्याच्या तळाशी पडून राहिलेले मासे दुपारी उथळावर येतात आणि संध्याकाळी ऊन उतरलं की परत जातात.

त्यामुळे उन्हाळ्यातली पहाटे निघायची सवय इथे टाकून द्यावी लागते. फ्रंटनंतरच्या दिवसांत सकाळी दहाच्या आधी फ्लॅटवर पोचण्याने थंडी वाजण्यापलीकडे फार काही साधत नाही. आणि एक थर्मामीटर जवळ ठेवावा. महागड्या रीळपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असं माझं ठाम मत आहे.

पाणी जातं कुठे

हिवाळ्यात फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदा जाणारा माणूस चक्रावतो तो ओहोटी पाहून. जिथे होडी तरंगायला हवी तिथे चिखल आणि त्यात चरणारे बगळे. भरती-ओहोटीच्या तक्त्यात आकडा उणे लिहिलेला असतो, आणि प्रत्यक्षात पाणी त्याहूनही खाली गेलेलं असतं.

याला चार कारणं एकावर एक बसतात. पहिलं, वर्षभरात समुद्राची सरासरी पातळीच या दिवसांत सर्वांत खाली असते. पाणी थंड होऊन आकसतं, आणि वारे-प्रवाहही पाणी किनाऱ्यापासून दूर ठेवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती सर्वांत वर असते. दुसरं, फ्रंटमागून येणारा वायव्य-उत्तरेचा वारा खाड्यांमधलं पाणी अक्षरशः बाहेर ढकलतो. तिसरं, फ्रंटमागची जड हवा समुद्रावर दाब टाकते; दाब १५ हेक्टोपास्कलने वाढला तर पातळी साधारण १५ सेंटिमीटरने खाली बसते. खोल समुद्रात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण फ्लॅटवर एकूण पाणीच अर्धा मीटर असतं.

चौथं कारण चंद्राचं. मेक्सिकोच्या आखातात दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. डिसेंबर आणि जूनमधल्या अयनदिनांच्या आसपासच्या महिन्यांत पौर्णिमा-अमावास्येला चंद्र विषुववृत्तापासून खूप दूर असतो, तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त. या भागात हिवाळ्यातल्या उधाणाची मोठी ओहोटी पहाटे-सकाळी येते. उन्हाळ्यात ती दिवसाच्या दुसऱ्या अर्ध्यात सरकते.

आता हे सगळं एकत्र मांडून बघा. सकाळी फ्लॅट उघडा पडतो आणि मासे नाइलाजाने काठाच्या खोल नाळीत किंवा गवतातल्या वाळूच्या खड्ड्यांत गोळा होतात. एरवी शंभर एकरांत विखुरलेले मासे मूठभर जागेत. दुपारपर्यंत उघड्या चिखलावर ऊन पडतं. रात्रभर उघडा राहिलेला चिखल गारठलेलाही असतो, म्हणून ऊन चढायला वेळ द्यावाच लागतो. मग भरतीचं पाणी त्या तापलेल्या चिखलावरून हळूहळू आत सरकतं आणि मासे त्याच्या पहिल्या कडेबरोबर वर येतात, कधीकधी पाठ उघडी पडेल इतक्या उथळात. पश्चिम किनाऱ्यावरचे जाणते लोक हिवाळ्यातली सकाळची ओहोटी खड्डे हेरण्यासाठी वापरतात. पाणी असताना न दिसणारे खड्डे, नाळी, कालवांचे थर त्या वेळी नकाशासारखे उघडे असतात. त्या दिवशी मासा मिळाला नाही तरी ती माहिती पुढच्या भरतीला कामी येते.

फ्लोरिडा बेच्या आतल्या भागात मात्र तक्त्यावर विसंबून चालत नाही. चिखलाच्या बांधांनी तो उपसागर इतका कप्प्याकप्प्यांत विभागलेला आहे की आत भरती-ओहोटी जेमतेम पोचते. तिथे पाण्याची पातळी ठरवतो तो वारा.

कोण राहतं, कोण जातं

सगळ्या माशांचा थंडीशी व्यवहार सारखा नाही, आणि कोणत्या माशामागे जायचं हे पाण्याच्या तापमानावरून ठरवणं हाच शहाणपणा.

रेडफिश हा हिवाळ्याचा खरा आधार. तांबूस-सोनेरी अंग, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. थंडी तो बऱ्यापैकी सोसतो, आणि हिवाळ्यात त्याचे थवे जमतात. चिखलाच्या तळावर, कालवांच्या थरांजवळ, खेकडे आणि कोळंबी उकरत फिरतो. पाणी अगदी उथळ असेल तर डोकं खाली आणि शेपूट पाण्याबाहेर, असं दृश्य दिसतं. मस्किटो लगूनमधले हिवाळी थवे प्रसिद्ध आहेत, पण २०२२ मध्ये तिथे आणि इंडियन रिव्हर लगूनच्या संपूर्ण विभागात रेडफिश घरी नेण्यास बंदी आली.

स्नूक अगदी दुसऱ्या टोकाला. आपल्या जिताड्याचा हा लांबचा नातलग, खालचा जबडा पुढे आलेला, अंगावर काळी रेघ. जातीने उष्ण कटिबंधातला. फ्लोरिडा ही त्याच्या वस्तीची उत्तरेकडची कड. पाणी १५-१६ अंशांखाली गेलं की तो सुस्तावतो, १०-१२ अंशांवर बरेच दिवस राहिलं तर मरतो. म्हणून थंडी पडू लागली की तो फ्लॅट सोडून नद्यांत, खोल कालव्यांत, वीजकेंद्रांच्या कोमट पाण्याच्या तोंडाशी आणि झऱ्यांत शिरतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रिस्टल रिव्हर, होमोसासा इथल्या झऱ्यांचं पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं. तिथे हिवाळ्यात मॅनटी, म्हणजे समुद्रगाईही, शेकड्यांनी जमतात.

या माशाची थंडीशी असलेली रस्सीखेच जानेवारी २०१० मध्ये सगळ्यांनी पाहिली. जवळपास दोन आठवडे थंडी हटली नाही. फ्लोरिडा बेचं पाणी १० अंशांखाली गेलं. स्नूक प्रचंड संख्येने मेले, टार्पन आणि बोनफिशही मेले; की बेटांजवळची किनाऱ्यालगतची प्रवाळं पांढरी पडून मेली, हजारो समुद्री कासवं बधिर होऊन तरंगू लागली. राज्याच्या वन्यजीव आयोगाने स्नूक पकडून नेण्यावर बंदी घातली. अटलांटिक बाजूला ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठली, आखाताच्या बाजूला मात्र सप्टेंबर २०१३ पर्यंत राहिली. ऐन थंडीत स्नूकचा हंगाम दरवर्षी बंद असतो तो याच कारणाने. एका कोपऱ्यात आखडून बसलेला मासा उचलून आणणं सोपं असतं, आणि म्हणूनच ते करू देत नाहीत.

बोनफिश की बेटांची आणि बिस्केन बेची शान. पाणी २० अंशांखाली गेलं की तो उथळावर दिसेनासा होतो. पण लांब जात नाही. बेटांच्या समुद्राकडच्या बाजूला फ्लोरिडाचा उष्ण प्रवाह जवळून वाहतो, तिथलं पाणी उपसागराच्या बाजूपेक्षा उशिरा गारठतं. फ्रंटनंतर बोनफिश शोधायचा तर समुद्राकडच्या फ्लॅटवर, तोही दुपारी. हिवाळ्यात तो गायब होण्याचं आणखी एक कारण आहे, ते थंडीचं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याचा अंडी घालण्याचा काळ. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास हे मासे मोठ्या थव्यांनी जमतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि रात्री खोल समुद्रात जाऊन अंडी घालतात. बहामाजवळ मागोवा घेतलेले असे मासे शंभर मीटरहून खोल गेलेले आढळले आहेत. आयुष्यभर गुडघाभर पाण्यात वावरणारा मासा असं काही करत असेल यावर आधी विश्वास बसत नाही. २०१३ पासून फ्लोरिडात बोनफिश फक्त पकडून सोडता येतो.

सीट्राऊट थंडीत गवताच्या उथळ भागातून जरा खोल नाळींत आणि वाळूच्या खड्ड्यांत सरकतो. एक सापडला की त्याच जागी आणखी असतात. शीप्सहेड, काळे-पांढरे पट्टे आणि चक्क माणसासारखे पुढचे दात असलेला मासा, हिवाळ्याच्या शेवटी अंडी घालायला जमतो, त्यामुळे खांब, धक्के आणि कालवांचे थर भरलेले असतात.

बॅराकुडाचा स्वतंत्र उल्लेख करायला हवा, कारण तो सगळे नियम मोडतो. हिवाळ्यात की बेटांच्या फ्लॅटवर मोठे बॅराकुडा उथळात येऊन ऊन खात पडलेले असतात. इतर माशांपुढे आमिष जितकं हळू तितकं बरं. याच्यापुढे हात दुखेपर्यंत वेगाने ओढावं लागतं, वेग कमी झाला की तो तोंड फिरवतो. रबरी नळीचं हातभर लांब आमिष तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. दोरीच्या टोकाला तार हवीच, नाहीतर दात एका क्षणात कापतात. आणि तो खायचा नाही. प्रवाळांच्या भागातल्या मोठ्या बॅराकुडाच्या मांसात सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं, शिजवून ते जात नाही.

दिसणं आणि दिसू न देणं

थंडीत पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ कमी होतं आणि वारा नसेल तेव्हा पाणी काचेसारखं नितळ होतं. तुम्हाला मासा दिसतो, पण त्यालाही तुम्ही दिसता. उन्हाळ्यातल्या गढुळ पाण्यात दहा मीटरवरून जमणारं काम इथे वीस-पंचवीस मीटरवरून करावं लागतं.

सूर्यही अडचणीचा. डिसेंबरच्या अखेरीस मायामीत ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४१ अंश वर असतो. जूनमध्ये ८८ अंश. तिरपं ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं आणि तळ दिसत नाही. म्हणून पाण्यात आरपार बघण्याचे तास सकाळी दहा ते दुपारी तीन, जास्तीत जास्त. योगायोगाने मासे वर यायची वेळही तीच. सूर्य पाठीशी ठेवायचा, पण आपली सावली माशावर पडू द्यायची नाही. तिरप्या उन्हात सावली लांब जाते. पोलरॉइड चष्मा चैनीचा नाही, त्याशिवाय हा खेळ होतच नाही. तांबूस किंवा पिवळसर काच गवतावरचा मासा उठावदार दाखवते.

होडी इंजिनाने जवळ नेली की संपलं. तिथे सहा-सात मीटर लांबीच्या काठीने तळ रेटत होडी सरकवतात, आणि इंजिनाच्या वर बसवलेल्या उंच चौथऱ्यावरून उभं राहून रेटतात, म्हणजे लांबचं दिसतं. या चौथऱ्याचं श्रेय बिस्केन बेचे वाटाडे बिल कर्टिस यांना दिलं जातं. होडी नसेल तर पाण्यात उतरून चालणं हिवाळ्यात फार चांगलं. आवाज नाही, आणि उघड्या पडलेल्या फ्लॅटवर जिथे होडी पोचत नाही तिथे पाय पोचतात. पाय उचलून टाकू नयेत, घासत न्यावेत. वाळूत दडलेला पाकट मासा त्या हादऱ्याने आधीच निघून जातो.

आमिष काय? शरद ऋतूत बोय माशांचे थवे दक्षिणेकडे आणि समुद्रात निघून जातात, इतर चिमुकले मासेही विरळ होतात. उरतात कोळंबी आणि खेकडे. म्हणून जिवंत कोळंबी, किंवा तिच्यासारखं दिसणारं मऊ प्लॅस्टिकचं लहान आमिष, तपकिरी-हिरव्या रंगाचं, ३-४ ग्रॅम वजनाच्या गळावर. माशाच्या डोक्यावर टाकायचं नाही. तो ज्या दिशेने चाललाय तिथे दोन मीटर पुढे पाडायचं, तळाला बसू द्यायचं, आणि तो जवळ आला की बोटभर हलवायचं. मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यांनाच जड जातं. हात आपोआप रीळ फिरवू लागतो. गार पाण्यात मासा धडक मारत नाही, हलकेच तोंडात घेतो, आणि दोरीला आलेला किंचित जडपणा एवढीच खूण मिळते. टोकाला १५-२० पौंडांची फ्लुओरोकार्बन दोरी पुरते; नितळ पाण्यात ती कमी दिसते.

वारा जोराचा असेल तर त्याच्याशी भांडू नये. वायव्येचा वारा असेल तेव्हा उत्तर आणि पश्चिम काठाच्या कांदळवनाच्या आडोशाला पाणी शांत असतं, आणि त्याच काठांवर दक्षिणेकडून कललेलं ऊनही पडतं. नकाशात आधी हे काठ शोधावेत, मग ठिकाण ठरवावं.

कायद्याचं आणि गवताचं

परवाना लागतो. राज्याबाहेरच्या माणसासाठी खाऱ्या पाण्याचा परवाना तीन दिवसांना १७ डॉलर, सात दिवसांना ३०, वर्षाला ४७. सोळा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, आणि परवानाधारक वाटाड्याच्या भाड्याच्या होडीत बसलात तर त्याचाच परवाना चालतो. रेडफिश जिथे नेता येतो तिथे तो १८ ते २७ इंचांमधलाच हवा. हंगाम आणि मापं विभागानुसार वेगळी असतात आणि बदलतात, म्हणून निघण्याच्या दिवशी वन्यजीव आयोगाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावं.

गवताबद्दल मात्र नुसता नियम सांगून भागत नाही, कारण हिवाळ्यातली उणी ओहोटी आणि इंजिनाचं पातं यांची गाठ पडली की जे नुकसान होतं ते वर्षानुवर्षं राहतं. टर्टल ग्रास नावाच्या रुंद पात्याच्या गवताची मुळं चिखलात खोल असतात; पात्याने ती कापली गेली की तो चर भरून यायला अनेक वर्षं लागतात. विमानातून फ्लोरिडा बे पाहिला तर हे पांढरे ओरखडे सर्वत्र दिसतात. संरक्षित जलक्षेत्रांत बेफिकिरीने होडी चालवून गवत कापलं तर २००९ पासून राज्यात दंड होतो. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाने २०११ मध्ये स्नेक बाइट या भागात इंजिन बंद ठेवून फक्त काठीने किंवा छोट्या विजेच्या मोटरीने जाण्याची अट घातली.

गवत गेलं तर काय होतं हे इंडियन रिव्हर लगूनने दाखवलं. २०११ च्या प्रचंड शेवाळवाढीनंतर तिथलं गवत मोठ्या प्रमाणावर मेलं. २०२१ मध्ये राज्यभरात अकराशेहून जास्त मॅनटी मेले, त्यातले कित्येक या लगूनमध्ये उपासमारीने. त्या हिवाळ्यात वीजकेंद्राच्या कोमट पाण्याशी जमलेल्या मॅनटींना सरकारी यंत्रणांनी लेट्यूसची पानं खाऊ घातली. मासेही त्याच गवतात वाढतात, त्यामुळे वाटाड्यांचा धंदाही त्याच्याबरोबर बसला.

ओहोटीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. उतरत्या पाण्यात फ्लॅटच्या आत शिरायचं असेल तर परतीची खोल नाळ कुठे आहे हे आधी पाहून ठेवावं. हिवाळ्यात पाणी तक्त्यापेक्षा खाली जातं आणि वायव्येचा वारा सुरू असेल तर पुढची भरती तक्त्यात लिहिलेल्या उंचीला येतच नाही. अडकलात तर इंजिन चालू करून चिखल उकरू नये, थांबावं. जाड कपडे, पाणी आणि दिवा होडीत असू द्यावा.

फेब्रुवारीच्या शेवटी

दिवस लांबू लागतात, फ्रंट येतात पण त्यांच्यातला जोर कमी होतो, आणि दोन फ्रंटमधलं अंतर वाढतं. सलग पाच-सहा दिवस दक्षिण-आग्नेयेचा वारा राहिला आणि पाणी २३-२४ अंशांना टेकलं, की बिस्केन बे आणि एव्हरग्लेड्समधल्या फ्लमिंगो या ठिकाणाच्या आसपास पहिले टार्पन वर येऊन हवा घेताना दिसतात. पुढच्या फ्रंटबरोबर ते पुन्हा खोल पाण्यात. हे जाणं-येणं मार्चभर चालतं. याच दिवसांत चिमुकले मासे परतू लागतात, स्नूक नद्यांच्या मुखाशी सरकतो, रेडफिशचे थवे फुटून विखुरतात. तोवर काम देणारं हळू ओढायचं कोळंबीचं आमिष मग मागे पडतं आणि वेगाने ओढायचं माशाच्या आकाराचं आमिष पेटीतून बाहेर येतं. थर्मामीटर मात्र एप्रिलपर्यंत काढून ठेवू नये.